अंगठा निघाला!

गाडीतलं मला कळतं. उगाच नाही सांगत! बॉनेट उघडून आत बघताना मी जो 'हं' काढतो ना, तो ऐकून भलेभले मेकॅनिक बाजूला सरतात.

त्यामुळे पार्किंगमध्ये आमच्या गाडीखाली काळा डाग दिसू लागला तेव्हा मी जरासुद्धा डगमगलो नाही. डगमगलो ते गॅरेजवाल्याने खर्च सांगितल्यावर.

"मागचं सील गेलंय, साहेब. ऑइल तिथून गळतंय. सीलचं काय, चिल्लर आहे. पण तिथवर हात पोचवायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागेल."

मग त्याने मजुरी सांगितली. मी त्याच्याच स्टुलावर बसलो आणि त्याचंच पाणी प्यायलो. एवढ्या पैशांत माणसाचं काळीज उतरवून, पुसून परत बसवून मिळालं असतं!

"देऊन टाक ना दुरुस्तीला," बायको म्हणाली. "रविवारी बाबा येतायत."

बाबा म्हणजे माझे सासरे. गाडी मूळची त्यांची. मुलीची पाठवणी करताना त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पण नजर अधू झाली म्हणून गाडी माझ्या हवाली केली, तेव्हा बॉनेटवर डोकं ठेवून हुंदके दिले होते. अजूनही फोनवर पहिला प्रश्न, "कशी आहे ती?" मी बायकोची खुशाली सांगू लागलो की म्हणतात, "तिचं नाही हो, जावईबापू!"

"इंजिन उतरवायचं कारणच नाही," मी जाहीर केलं. "लूट आहे नुसती! खालचा नट ढिला झाला असणार. जरा आवळला की काम फत्ते."

"तुला येतो नट आवळता?"

त्यातला तो 'तुला' मला झोंबला.

रविवारी सकाळी बायको वर मिक्सर लावून बसली होती. मी तिची नवी कोरी व्यायामाची चटई उचलली, पार्किंगमध्ये अंथरली आणि पाना घेऊन गाडीखाली सरकलो. उताणा. डोकं आत, पाय बाहेर. इंजिनाच्या पोटाला ऑइलचं चेंबर, त्याच्या तळाशी तो नट, अगदी नाकासमोर! मी पाना लावला आणि सगळा जोर काढून फिरवला.

आता मला सांगा, माणूस उताणा असला की उजवं कुठलं आणि डावं कुठलं? तुम्ही आरामात बसून वाचताय, तुम्हाला सोपं आहे!

नट आवळायच्या ऐवजी सुटला. टुणकन उडी मारून घरंगळला आणि गटाराच्या जाळीत गडप! मागोमाग ऑइलची धार, थेट मिशीवर. सुचलं ते केलं. भोकात अंगठा घातला. धार थांबली. पण मीही तिथेच थांबलो! अंगठा काढला तर गाडी रिकामी, नाही काढला तर माझा मुक्काम जन्मभर गाडीखाली.

"कुणी आहे का?" मी हाक मारली.

होत्या. तळमजल्यावरच्या काकू, भाजी घेऊन येत होत्या. गाडीखालून बाहेर आलेले पाय आणि शेजारी पसरलेलं थारोळं बघून त्यांची पिशवी सुटली. बटाटे जीव घेऊन चहूकडे पळाले.

"अगं बाई! कुणीतरी गाडीखाली आलं!"

"काकू, मी आहे! मला काही झालं नाही! फक्त अंगठा निघाला तर सगळं वाहून जाईल!"

"अंगठा निघाला!" काकूंनी वर तोंड करून आरोळी ठोकली. "सगळं वाहून गेलं हो!"

फटाफट खिडक्या उघडल्या. जिन्यावरून चपलांचा धबधबा कोसळला.

"पण रक्त असं काळं कसं?" कुणीतरी विचारलं.

"चहा किती पितो तो!" काकू म्हणाल्या, आणि सगळ्यांना ते पटलं!

"बाजूला व्हा!" हा आवाज कर्नलचा. कर्नल म्हणजे निवृत्त ग्रंथपाल; हुद्दा मिशांमुळे मिळालेला. "पाय ओढू नका! जखमीला हलवायचं नसतं, त्याच्यावरची वस्तू हलवायची असते. सगळे पुढून लागा, गाडी मागे ढकला!"

"नको!" मी किंचाळलो. "माझा अंगठा आत आहे!"

"भ्रमात बोलतोय," कर्नल हळहळले आणि दार उघडून त्यांनी हँडब्रेक सोडला. "लावा जोर!"

एरवी जिना झाडायचा विषय निघाला की पांगणारी माणसं, पण काय तो जोर! अंगठा 'पॉक' करून सुटला आणि धार माझं नाक, डोळे, कपाळ, टक्कल अशी क्रमाने न्हाऊ घालत पुढे गेली.

"आता धरा!" कर्नल ओरडले. पण गाडी दुसरा कुणीतरी धरेल याची प्रत्येकाला खात्री होती. मागच्या बाजूला उतार. गाडी उलटी, बिनचालकाची, मोठ्या रुबाबात फाटकाकडे निघाली. मागे मी, हात वर करून, घसरत, पडत, ठिबकत!

नेमकी तेव्हाच फाटकात टॅक्सी थांबली आणि सासरे उतरले.

"चोर!" ते गरजले. "गाडी पळवतोय! धरा!"

"बाबा, मी!"

"कोण तुझा बाबा?" म्हणत त्यांनी हातातली बॅग माझ्या पाठीत घातली. तोवर गाडी फाटकाच्या खांबाला टेकली होती. मागचा दिवा फुटल्याचा नाजूकसा आवाज आला.

मिक्सर थांबवून बायको धावत खाली आली. तिने गाडीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"माझी चटई!!"

त्या आवाजावरून सासऱ्यांनी मला ओळखलं. एवढं फक्त नवऱ्यावरच ओरडलं जातं!

बायकोने गॅरेजवाल्याला बोलावलं. तो गाडी ओढून न्यायला टोचन घेऊन आला, गाडीखाली वाकला, बोट फिरवून बाहेर आला. सासरे श्वास रोखून उभे.

"गळती पूर्ण थांबलीय," तो म्हणाला.

माझी छाती फुगली. "ऐकलंत? मी म्हटलं नव्हतं?"

"थांबणारच, साहेब. आत ऑइलच नाही. इंजिन मात्र उतरवावंच लागेल. शिवाय हा दिवा."

टोचनच्या पुढच्या सीटवर, गॅरेजवाल्याशेजारी सासरे बसले. मी चढायला लागलो तर म्हणाले, "जावईबापू, सीट खराब होईल." मी गॅरेजकडे पायी निघालो. वाटेत ऑफिसातले दोघे भेटले, जुने मास्तर भेटले. कुणीही मला ओळखलं नाही. दिवसभरात मनासारखी झालेली तेवढीच एक गोष्ट!