सोळावर ठेव, ब्रेंडा

घर तापवणारा नवा बॉयलर बसला आणि त्याच संध्याकाळी ब्रेंडाबाईंचं घर पहिल्यापेक्षा गार पडलं.

नवरा नॉर्मन वसंतात वारला होता. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या थंडीत त्याने जन्मभर घर सोळा अंशांवर ठेवलं, आणि तेही नोव्हेंबर लागल्याशिवाय नाही. बायको कुडकुडली की एकच उत्तर: "स्वेटर घाल." आणि वर नाकातून एक लांबलचक "हूंऽऽ". जुना बॉयलर मोडला तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं, हा एक हिवाळा तरी उबेत काढायचा.

"नुसता बॉयलर बसवता येत नाही, मावशी," फिटर ग्लेन म्हणाला होता. "नियमच आहे. वेळ आणि तापमान सांभाळणारा कंट्रोल सोबत घ्यावाच लागतो. दोनशे पौंड वर पडतील."

"दोनशे? एका बटणाचे?"

"भिंतीपलीकडचे विल्फसुद्धा बॉयलर बदलतायत. दोघांचं एकाच दिवशी उरकलं तर थोडं कमी करतो."

नॉर्मन असता तर त्याने ग्लेनला फाटकाबाहेर घालवून कडी लावली असती. बाईंनी छातीवर दगड ठेवून पैसे दिले.

आणि आता भिंतीवरच्या कंट्रोलच्या त्या पांढऱ्या डबीवर एकवीस लावूनही गरम पाण्याचे रेडिएटर मढ्यासारखे थंडगार. बाईंनी बावीस केलं, मग चोवीस केलं. चार वाजताच बाहेर काळोख झाला होता, आणि बोलायला तोंड उघडलं तर वाफ निघत होती. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"हूंऽऽऽ."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. हा हुंकार त्यांनी झोपेतही ओळखला असता.

"नॉर्मन? दोनशे पौंडांचा राग आला का रे?"

भिंतीत काहीतरी दाणकन आपटलं. बाई पांघरुणात शिरल्या.

पुढे असंच चाललं. आकडा वाढवला की भिंत कण्हायची आणि घर आणखी गारठायचं. शेवटी बाईंनी हात टेकले. डबीवर सोळा लावलं आणि म्हणाल्या, "घे बाबा, झालं तुझ्या मनासारखं?"

भिंत गप्प झाली. थोड्या वेळाने रेडिएटर खुडखुडत जागे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी घर इतकं तापलं की बाई बिनबाह्यांच्या झग्यात बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. डबीवर आकडा सोळाच.

"तुझंच खरं होतं रे," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. जिवंतपणी ज्याने स्वेटर दिला, तो मेल्यावर ऊब देत होता. आता हे घर त्यांना रिकामं वाटेना. टेबलावर त्या दोन कप मांडू लागल्या.

तशात दार वाजलं. दारात विल्फ उभा होता, ओव्हरकोट, लोकरी टोपी आणि निळं पडलेलं नाक घेऊन.

"ब्रेंडा, माझ्या घरात काहीतरी आहे गं! आधी आकडा उतरवावा तशी नुसती भट्टी. चड्डीवर बसून कण्हत होतो. शेवटी खिडक्या सताड उघडल्या, तर आता आकडा वाढवावा तसा गारठतोय." तो आत डोकावला. "आणि तुझ्याकडे एवढं उकडतंय कसं?"

ग्लेनला बोलावलं. त्याने दोन्ही घरांच्या डब्या पाहिल्या आणि कान खाजवला.

"डब्यांची अदलाबदल झाली, मावशी. बिनतारी असतात त्या. तुमची डबी यांच्या बॉयलरला हुकूम सोडत होती आणि यांची तुमच्या."

"म्हणजे कण्हत होतास तो तू?" बाईंनी विल्फला विचारलं.

"नाहीतर कोण? या वयात घाम गाळायचा म्हणजे काय गंमत आहे?"

ग्लेन पोट धरून हसला. बाईही हसल्या, पण टेबलावरच्या दुसऱ्या कपाकडे नजर जाताच थांबल्या.

डब्या जागच्या जागी लागल्या. ग्लेन गेल्यावर बाईंनी तो दुसरा कप विल्फपुढे ठेवला, केक कापला आणि कोणाला न विचारता एकवीस लावलं. रेडिएटर शहाण्यासारखे तापले.

"मिळाली ना मनासारखी ऊब?" विल्फने विचारलं.

"हो तर," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीतून आलं, "हूंऽऽऽ."

विल्फचा कप ओठांपाशीच थांबला. "ब्रेंडा," तो कुजबुजला, "माझ्या घरात कोणी नाही. मी तर इथे आहे."

पण बाई केव्हाच उठल्या होत्या. त्यांनी डबीवर सोळा लावलं, कपाटातून दोन स्वेटर काढले आणि त्यातला नॉर्मनचा विल्फच्या मांडीवर टाकला.

"घाल," त्या म्हणाल्या, आणि आता कुठे मनापासून हसल्या.