चौदा सेकंद आणि एकतीस सभासद

सन २००८ च्या जून महिन्यात जयसिंगपूरचे लग्नाचे व्हिडिओवाले शिवशरण पट्टणशेट्टी यांच्यापुढे संगणकाने एक प्रश्न ठेवला. परदेशातल्या वेबसाइटवर व्हिडिओचे तुकडे विकायचे, तर ते कोणत्या रिझोल्यूशनमध्ये, म्हणजे किती ठिपक्यांच्या चित्रात विकणार? पर्याय चार होते. पैकी एकावर टिचकी मारायची होती. पण कोल्हापूर जिल्ह्यात कुठलीही टिचकी एकट्याने मारण्याची प्रथा नाही.

म्हणूनच तर आधी संस्था निघाली होती. बैलगाडी, उसाचा फड, नदीवर धुतल्या जाणाऱ्या म्हशी असल्या चित्रणाला परदेशी लोक दर देतात, ही बातमी फुटल्याबरोबर ‘करवीर चलच्चित्र उत्पादक सहकारी संस्था’ स्थापन झाली. सभासद एकतीस, सगळे लग्नाचे व्हिडिओवाले. वेबसाइटवर संस्थेचं खातं एकच. त्याचा पासवर्ड कपाटात आणि कपाटाची किल्ली सचिव जोतीराम यांच्या कमरेला. चेअरमन बसलिंगाप्पा अण्णांनी वीस वर्षं दूध संस्था चालवलेली, आणि जोतीराम तिथंच दुधाचं फॅट तपासायचे. दूध सांभाळलेला माणूस कुठलीही संस्था सांभाळू शकतो, असं आमच्याकडे मानतात. संगणक मात्र त्या दोघांनाही येत नव्हता, म्हणून तो शिवशरणकडे आला.

रिझोल्यूशनचा विषय सभेपुढे आला, तेव्हा जोतीरामांनी तो एका वाक्यात सोपा केला.

“ह्यो फॅटचाच मामला हाय. जास्त ठिपकं, जास्त फॅट, जास्त दर. सगळ्यात वरचं टाकायचं की.”

“पण वरचं फकस्त माझ्या कॅमेऱ्यात निघतंय,” शिवशरण म्हणाला. “मी औंदा नवा घेतलाय. बाकीचं तीस कॅमेरं टेपचं हाईत. त्येंचं चित्र ल्हान येतंय.”

सभेत चुळबूळ सुरू झाली. एका सभासदाला वरचा दर आणि तिसांना खालचा, हे सहकाराच्या कुठल्याच तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा जोतीरामांनी शाहूपुरीतल्या एका दुकानातून लहान चित्र मोठं करणाऱ्या सॉफ्टवेअरची सीडी आणली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. जुन्या चित्रात ठिपके चार लाख चौदा हजार सातशे वीस. मोठ्या चित्रात वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. बरोबर पाचपट.

“म्हंजे लिटरला चार लिटर पाणी,” जोतीराम हळूच म्हणाले. त्यांनी कॅल्क्युलेटर कपाळाला लावला. “आमच्या उभ्या नोकरीत एवढं घालायचं धाडस कुणाला झालं न्हाय.”

फुगवलेल्या चित्रांच्या तपासणीसाठी त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. समितीने पंधरा इंची पडद्याची दहा फुटांवरून पाहणी केली. ज्यांना चष्मे होते त्यांनी निःपक्षपातीपणासाठी ते काढून ठेवले. ‘सर्व चित्रे समान दर्जाची आढळून आली’ असा अहवाल चहापूर्वीच सादर झाला. मग लोडशेडिंग सांभाळत सव्वा महिन्यात तीनशे बारा तुकडे वेबसाइटवर चढवले गेले. त्यात शिवशरणचा तुकडा एकच.

तो चौदा सेकंदांचा होता. मुरगूडच्या एका गुऱ्हाळावर काहिलीत उकळणारा रस, त्यावर येणारी मळी, आणि पाक झाला का ते बघायला गुळव्याने पाण्यात सोडलेला एक थेंब. त्या थेंबासाठी शिवशरण तीन दिवस चुलवणाच्या धगीत उभा होता. बारा वर्षं त्याने लोकांची लग्नं टिपली होती, आणि लोक त्या कॅसेटी स्वतःचं तोंड येईपर्यंत बघून पुढे पळवत. हे चौदा सेकंद त्याने कुणाच्याही सांगण्यावरून टिपलेले नव्हते, आणि त्याचा त्यांच्यावर फार जीव होता.

ऑगस्टात वेबसाइटचं इंग्रजी पत्र आलं. ते शिवशरणच्या बायकोने, दानेश्वरीने वाचून दाखवलं. ती हायस्कूलला इंग्रजी शिकवायची.

“गुळाचा तुकडा लई आवडलाय म्हणत्यात. एका कंपनीला त्यो माहितीपटात घ्यायचाय, तुमच्या नावासकट,” ती म्हणाली, आणि पुढचं वाचून थांबली. “बाकीचं तीनशे अकरा फुगवल्यालं हाईत, ते सात दिवसांत काढा. न्हायतर खातं बंद, आणि तुमचा तुकडाबी गेला.”

शिवशरण त्या रात्री जेवला नाही. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसाला, ज्याचं तोंड त्या चित्रात कुठंच नव्हतं, ते चित्र हवं होतं.

सहाव्या दिवशी तातडीची सभा भरली. सगळी हकिगत सांगून शिवशरण म्हणाला, “बाकीचं काढूया. दहा मिन्टाचं काम हाय.”

“काढलं म्हंजे कबूल केलं,” अण्णा म्हणाले. “संस्था कबूल कवा करत न्हाय.”

यावर जोतीरामांनी तोडगा मांडला. शिवशरणचा तुकडाही आधी लहान करायचा आणि मग बाकीच्यांसारखा फुगवून परत चढवायचा. सगळे एकसारखे झाले की तुलनेला जागा उरणार नाही, आणि तक्रार आपोआप निकाली निघेल.

“माझ्या चित्रात खोट काय हाय, अण्णा?”

“खोट न्हाय, शिवशरणा, हीच तर अडचण हाय,” अण्णा समजुतीने म्हणाले. “तुजं नसतं, तर बाकीचं पातळ हाय हे त्येंला कळलं असतं व्हय?”

घरून निघताना दानेश्वरीने बजावलं होतं, “काय बी करा, पर तुमी हात वर करू नका.” पण लग्नाच्या ऑर्डरी सभासद एकमेकांत वाटून घेत, आणि वाटप अण्णांच्या हातात होतं. तीस हात वर गेले. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून एकतिसाव्याकडे पाहिलं. चहा आला, बिस्किटं आली, आणि त्या गडबडीत एकतिसावा हातही खांद्यापर्यंत गेला. जोतीरामांनी इतिवृत्तात लिहिलं : ठराव सर्वानुमते मंजूर.

ठरावाची अंमलबजावणी शिवशरणलाच करावी लागली, कारण संगणक त्यालाच येत होता. त्याने चौदा सेकंदांतले पाचातले चार ठिपके पुसले आणि त्यांच्या जागी खोटे भरले. थेंबाचा नुसता डाग झाला. दुसऱ्या दिवशी खातं बंद पडलं, आणि संस्थेने वेबसाइटच्या आडमुठेपणाचा निषेध केला. तोही सर्वानुमते.

शिवशरणने हात वर करायला नको होता, असं वाचकांना वाटत असेल. बरोबरच आहे. मलाही वाटतं. आता फक्त तुमच्या सोसायटीच्या, बँकेच्या नाहीतर शाळेच्या पालकसभेच्या मागल्या बैठकीचं इतिवृत्त काढून बघा. अध्यक्षांनी “कुणाचा विरोध?” असं विचारलं, तेव्हा तुम्ही बशीतलं बिस्किट बुडवत होता. तिथंही सर्वानुमतेच लिहिलंय, आणि खाली सही तुमची आहे.