काळभैरव पोहे खायला येतो

काळभैरव महूपर्यंत पोचल्याचा मेसेज आला तेव्हा सुजयने ऑफिसचं दार आतून लावून घेतलं आणि पाणी प्यायलं.

काळभैरव हे एका खेळाडूचं टोपणनाव. सुजयच्या इंदूरमधल्या छोट्या कंपनीने 'गडरक्षक' हा ऑनलाइन गेम मोठा गाजावाजा करून आणला, आणि पहिल्याच दिवशी गेममधल्या किल्ल्याचा दरवाजा उघडेना. सगळे खेळाडू बाहेर ताटकळत उभे. त्यांच्या शिव्या खाऊन 'सांभाळून घ्या, दुरुस्ती चालू आहे' असं लिहायचं काम सुजयकडे होतं. काळभैरवाच्या शिव्या वाचताना तर तो आजूबाजूला कुणी नाही ना, हे आधी बघून घ्यायचा.

काल मात्र काळभैरवाने एकच ओळ लिहिली : 'समोरासमोर बोलायचंय.' घाबरलेल्या सुजयच्या हातून सवयीने उत्तर गेलं, 'या ना कधी, पोहे खाऊ.' इंदुरात असं सगळेच सगळ्यांना म्हणतात आणि येत कुणीच नाही. पण काळभैरव निघाला महूपलीकडच्या मानपुरचा. त्याने पत्ता मागितला.

"आणि तू दिला?" प्रोग्रॅमर पीयूषने विचारलं. "भिया, दिमाग ठिकाणावर आहे ना?"

"बोलावून मग पत्ता नाही द्यायचा, बुरं दिसतं ना."

कंपनीच्या मालकीणबाई अमिता मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सुजय, त्याने इथे तमाशा केला आणि कुणी व्हिडिओ काढला, तर गेम खतम. लोक आधीच डिलीट करतायत. मग तू पण दुसरं काम बघ."

'राऊला आलो,' असा मेसेज आला. राऊ म्हणजे इंदूरची वेसच. पीयूष कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला आणि जीव खाऊन टाइप करू लागला. सुजयने नाक्यावरून पोहे आणले, वर शेव आणि जीरावन मसाला जास्त घालून घेतला. रागावलेल्या माणसाला गोड बरं, म्हणून जिलेबीही आणली.

दार वाजलं. सुजयने कडी काढली. दारभर माणूस, झुपकेदार मिशा, हातात जड पिशवी. ती त्याने टेबलावर आदळली तसा पीयूष कपाटामागे गेला.

"सुजय कोण?"

कपाटामागून एक बोट बाहेर आलं आणि सुजयकडे वळलं.

"मी श्रीकृष्ण. मानपुरला टायरचं दुकान आहे." त्याने पिशवीतून सीताफळं काढली. "बोलावल्यावर खाली हाथ कसं यायचं."

त्याने सगळे पोहे खाल्ले. मग त्याने आवाज खाली आणला.

"तो दरवाजा आहे ना, थोडे दिवस बंदच राहू द्या."

"जी?" सुजय म्हणाला.

"माझी पोरगी इरावती बेंगळुरूला असते. फोनवर तिला टाइम नसतो. हा गेम तिनंच मला लावून दिला, म्हटली सोबत लढू. दरवाजा उघडेना, म्हणून मी तुम्हाला शिव्या घातल्या, माफ करा जी. पण बाहेर उभं राहून राहून ती बोलायला लागली. रोज. काय खाल्लं, बॉस कसा परेशान करतो, सगळं. आत गेली की लढत सुटेल. मला तर बटणं पण सापडत नाहीत, मी मागेच राहणार."

अमिता मॅडमनी कपाटाकडे बघितलं.

"काका," पीयूषचा आवाज आला, "तो तर आत्ताच उघडला. तुम्ही राऊला आलात ना, मग मी घाबरून ठीकच करून टाकला."

श्रीकृष्णरावांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. सुजयला आता त्यांची भीती वाटेना, त्यांच्यासाठी वाटू लागली. स्क्रीनवर किल्ल्याचा दरवाजा सताड उघडा होता. बाहेरची गर्दी आत गेली होती. उंबऱ्यापाशी एकच आकृती उभी होती आणि खाली मेसेज होता : 'बाबा, कुठे आहात? सगळे गेले. मी थांबलेय.'

त्यांनी तो दोनदा वाचला आणि गमछ्याने डोळे पुसले. मग सुजयचं मनगट घट्ट धरलं. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता.

"भिया, तुम्ही इथंच बसा," ते हळूच म्हणाले. "आत काय काय असतं, मी पाहिलंच नाही."