खुळखुळ

"आला का?" बायकोने विचारलं.

"नाही. जरा त्या खड्ड्यातून घे."

गृहस्थ गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झाले होते, गाल आणि कान दाराला घट्ट दाबून. पुढे बायको गाडी चालवत होती आणि घरामागच्या रस्त्यावर ही त्यांची सातवी फेरी होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाचव्या फेरीपासून हात करणं सोडून दिलं होतं. बायकोने नेमका खड्डा धरून त्यात चाक घातलं. गृहस्थांचं डोकं दारावर आपटलं.

"आता?"

"आता डोकं दुखतंय. पण आवाज नाही. मी चालवतो तेव्हा हटकून येतो. डावीकडून, जरा वरून. खुळखुळ्यात एकच दाणा उरला की कसा वाजतो, तसा."

"अहो, गाडीत खुळखुळ नाहीये, तुमच्या डोक्यात खूळ आहे," असं म्हणून बायकोने गाडी घराकडे वळवली. "आणि दातांच्या डॉक्टरांकडून परत फोन आला होता. सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणाले होते, वर्ष होत आलं."

"आधी गाडी," गृहस्थ म्हणाले.

या गृहस्थांना मी फार जवळून ओळखतो. रोज सकाळी दाढी करताना आमची गाठ पडते. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे सांगेन, ते हातचं राखून सांगितलंय असंच समजा. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि कानांचा मात्र भयंकर अभिमान. गृहस्थ एका दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करायचे. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि सांगायचं, "ऐकू आलं की बटण दाबा." सव्वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगात नीट ऐकू येणारे आपण एकटेच.

गाडी सासऱ्यांची होती. सासरे निवृत्त शाळा तपासनीस. शाळा संपल्या, पण तपासणी काही सुटली नाही. तीन वर्षांपूर्वी "आता माझ्याच्याने होत नाही" म्हणून त्यांनी गाडीची किल्ली जावयाच्या हातात दिली. देताना गाडीच्या टपावरून असा हात फिरवला, की तसा त्यांनी लेकीच्या पाठीवरूनही तिच्या लग्नात फिरवला नव्हता. तेव्हापासून दर भेटीत, घरात पाऊल टाकल्याबरोबर, पाणी पिण्याच्याही आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा. "काय जावईबापू, गाडी कशी आहे? काही आवाजबिवाज?"

"छे छे, बाबा," गृहस्थ छाती पुढे काढून सांगायचे. "एकदम शांत."

आणि गेल्या चार महिन्यांपासून ती शांत नव्हती.

दोन आठवड्यांनी रविवारी सासरे येणार होते. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा परवा फोनवर म्हणत होते, जावयांना गाडी झेपत नसेल तर मी परत नेतो." तिने सहज सांगितलं, पण यांना ते सहज कसलं ऐकू येतंय. परत नेतो याचा अर्थ धाकट्या मेव्हण्याला देतो, हे गृहस्थांनी तिथल्या तिथे ओळखलं. मेव्हण्याच्या हातून आजवर साधा कपही फुटला नव्हता. सासऱ्यांनी विश्वासाने जावयाच्या हाती दिलेली ही एकच वस्तू होती. मुलगीही दिली होती म्हणा, पण तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास असा काही दिसला नव्हता. ही गाडी परत गेली असती तर गृहस्थांना खरोखर रडू आलं असतं.

त्यांनी मेकॅनिक गाठला. मेकॅनिकने त्यांना शेजारी बसवून गाडी पळवली. तो चालवायचाच अशी, की शेजारच्याने मूठ आणि दात आवळून नुसतं समोर बघत राहावं.

"साहेब, आवाज नाही," तो परत येऊन म्हणाला.

गृहस्थांनाही आला नव्हता. पण तो भीतीमुळे आला नसणार, असं त्यांनी ठरवलं. त्यांना संशय आला मेकॅनिकच्या कानांचा. दिवसभर हातोड्या ऐकणाऱ्या माणसाला खुळखुळ काय ऐकू येणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला दवाखान्यात बोलावून बंद खोलीत बसवलं.

"हे काय आता?" गृहस्थांनी त्याच्या कानामागच्या हाडावर छोटंसं यंत्र टेकवलं तेव्हा मेकॅनिक दचकला.

"यातला आवाज हवेतून येत नाही, हाडातून येतो. शेजारच्याला ढिम्म ऐकू येत नाही, आणि तुम्हाला मात्र वाटतं सगळ्या खोलीत वाजतंय."

हे वाक्य गृहस्थ दिवसातून दहा-बारा वेळा बोलायचे. इतक्या वेळा बोललेलं वाक्य बोलणाऱ्याला ऐकू येत नाही, त्याला कानही काही करू शकत नाहीत.

मेकॅनिकचे कान उत्तम निघाले. गृहस्थांच्या कानांपेक्षाही थोडे सरसच. तो कागद गृहस्थांनी घडी घालून खिशात टाकला आणि त्याविषयी घरी काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांना मोबाइलवर एक टोपीवाला सापडला. हा टोपीवाला उघड्या बॉनेटसमोर उभा राहून गाड्यांवर बोलायचा. त्याचं म्हणणं असं, की जुन्या गाडीचा सांगाडा सैल होतो. वळणावर तो चक्क पिळवटतो, आणि मग एकावर एक घासून सगळं वाजायला लागतं. उपाय एकच. सांगाड्याला दांडे ठोकून तो ताठ करायचा.

"अगं, आपल्या गाडीला पीळ पडतोय," गृहस्थांनी बायकोला सांगितलं.

"पीळ कुणाला आहे ते मला माहीत आहे," बायको म्हणाली.

पहिला दांडा आला. बॉनेटखाली, पुढच्या दोन्ही शॉकॲब्जॉर्बरच्या माथ्यांना एकमेकांशी जखडणारा.

"साहेब, हे शर्यतीच्या गाड्यांना लावतात," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही शर्यतीत उतरणार?"

"सासरे येणार आहेत."

मेकॅनिकने त्यांच्याकडे एकवार पाहिलं. त्यालाही सासरे असावेत. त्याने दांडा बसवून दिला.

आणि खरं सांगायचं तर गाडी सुधारली. पूर्वी वळणावर ती अंग टाकायची, आता ताठ मानेने वळायला लागली. गृहस्थ इतके खूश झाले की दवाखान्याजवळच्या चौकाला त्यांनी उगाचच तीन वळसे घातले. चौथ्या वळशाला तोंड किंचित उघडून हसले, आणि डावीकडून, जरा वरून, आवाज आला. पूर्वीपेक्षा मोठा.

टोपीवाल्याकडे याचंही उत्तर होतं. एक आवाज मेला की त्याच्या मागे दडलेला दुसरा ऐकू येतो म्हणे. तेव्हा दुसरा दांडा आला, गाडीच्या पोटाखाली. त्याने गाडी अजून ताठ झाली आणि जमिनीच्या इतकी जवळ गेली की प्रत्येक गतिरोधकाला पोट घासायला लागलं. त्यावर उपाय म्हणून गतिरोधक आला की बायकोला खाली उतरवायचं, गाडी हलकी करून पलीकडे न्यायची, आणि तिला परत बसवायचं, अशी पद्धत सुरू झाली.

"बाजारात जाऊन येईपर्यंत मी सहा वेळा उतरले," बायको म्हणाली. "त्यापेक्षा चालत गेले असते तर एकदाच उतरले असते. घरातून."

आवाज आणखी वाढला. आता तो फरशीच्या फटीवरून चाक गेलं तरी यायचा. मग तिसरा दांडा, मागच्या डिकीत आडवा. त्यानंतर सांध्यांमधली मऊ रबरं काढून टणक रबरं. आता गाडीखाली बटण पडलेलं असेल तर त्याला भोकं दोन की चार, हे सीटवर बसून कळत होतं. आतला आरसा दोनदा निखळून गृहस्थांच्या मांडीवर आला. आणि खुळखुळ तर अशी, की जणू कुणी तो खुळखुळा थेट कानात धरून हलवतंय.

"मास्तर, अजून एखादा दांडा?" शुक्रवारी गृहस्थांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"साहेब, आता जागा फक्त तुमच्या पाठीत उरलीय," मेकॅनिक म्हणाला.

रविवार उजाडला. बायको घरी स्वयंपाकात होती, म्हणून गृहस्थ एकटेच सासऱ्यांना आणायला बसस्टँडवर गेले. डिकी उघडली तर आडव्या दांड्यामुळे बॅग आत जाईना. सासऱ्यांनी दांड्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि बॅग मांडीवर घेऊन पुढे बसले. गाडी निघाली. पहिल्याच खडबडीत पट्ट्यावर सासऱ्यांची टोपी डोळ्यांवर आली. त्यांनी ती वर केली. ती पुन्हा खाली आली.

"काय जावईबापू, काही आवाजबिवाज?"

"छे छे, बाबा." कानात खुळखुळ नुसती चेकाळली होती. "एकदम शांत."

पुढे गतिरोधक आला. पंचाहत्तर वर्षांच्या सासऱ्यांना भर रस्त्यात उतरवायचं कसं? पण पोटाखालचा दांडा तुटून पडला असता तर तेही त्यांच्या देखतच.

"बाबा, जरा उतराल का? एक मिनिट."

सासरे बॅग घेऊन उतरले आणि शाळेच्या दारात उभे राहावेत तसे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गृहस्थांनी गाडी हळूहळू पुढे घेतली. मान डावीकडे कललेली, तोंड अर्धवट उघडं, डोळे शून्यात, सगळा जीव कानात. गाडी पलीकडे गेली. सासरे चालत आले, परत बसले, दार लावलं, आणि जावयाच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले.

संपलं सगळं, असं गृहस्थांना वाटलं. त्यांनी मनातल्या मनात किल्ली मेव्हण्याला देऊनही टाकली.

"कधीपासून येतोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय?"

"आवाज. डावीकडून का उजवीकडून?"

गृहस्थांनी गाडी बाजूला घेतली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "डावीकडून. जरा वरून. बाबा, मी सगळं करून पाहिलं हो. तीन दांडे घातले. माझ्या हातून बिघडली तुमची गाडी."

"गाडी चालू द्या. सावकाश. आणि दात घट्ट आवळा."

गृहस्थांनी दात आवळले. गाडी तसल्याच खडबडीत पट्ट्यावरून गेली. टोपी डोळ्यांवर आली, आरसा हलला, आवाज मात्र नाही.

"आता तोंड सैल सोडा."

खुळखुळ.

"आवळा."

शांत.

"वरचा डावा," सासरे म्हणाले. "ब्रिज की कवळी?"

गृहस्थांनी जिभेने चाचपून पाहिलं. गेल्या वर्षी बसवलेला तीन खोट्या दातांचा ब्रिज जिभेबरोबर आनंदाने डोलला. हाडातून येणारा आवाज, शेजारच्याला ढिम्म ऐकू येत नाही. सव्वीस वर्षं, दिवसातून दहा-बारा वेळा. गृहस्थांना गाडीतून उतरून कुठेतरी चालत निघून जावंसं वाटलं.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"तुमचा चेहरा बाहेरून पाहिला ना मघाशी. तसं तोंड घेऊन मी दोन वर्षं गाडी चालवली." सासऱ्यांनी बॅगेचा बंद उगाच सारखा केला. "माझी खालची कवळी सैल होती. मला वाटलं गाडी खिळखिळी झाली. म्हणून तर तुम्हाला दिली."

गृहस्थांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"पुढे महिन्याभरात कवळी नवी केली. तुमच्याकडे आलो, गाडीत बसलो, तर गाडी एकदम शांत. तेव्हा उजेड पडला. पण दिलेली गाडी मागायची कशी? म्हणून दर खेपेला विचारत होतो, काही आवाजबिवाज? तुम्ही एकदा जरी हो म्हणाला असतात, तर म्हणणार होतो की त्रास होत असेल तर नेतो बापडा परत. पण तुमचं आपलं छे छे, बाबा."

"म्हणजे मेव्हण्याला नव्हती द्यायची?"

"त्याला कशाला? मला हवी होती." सासऱ्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. मग कमरेवर ठेवला. "आता मात्र नको. आता ठेवा तुम्हीच. हिच्यात बसून गावाला गेलो तर दहन तिथेच उरकावं लागेल."

गाडी जावयाकडे राहिली. पण मिळालेल्या गाडीचा एवढा कमी आनंद गृहस्थांना यापूर्वी कधी झाला नव्हता. त्यांनी चोरून सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे गाडीच्या खिडकीची कड बोटाने पुसत होते, धूळ नसताना.

"बाबा, दांडे काढता येतात," गृहस्थ म्हणाले. "रबरंही जुनी ठेवलीयेत मी. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, आणि परवा गाडी होती तशी करून तुमच्या दारात आणून उभी करतो."

पुढच्या गतिरोधकाला सासरे न सांगता स्वतःहून उतरले, आणि परत बसताना जावयाच्या खांद्यावर हात ठेवून बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"हे घरी सांगायचं नाही," घर दिसायला लागल्यावर ते हळूच म्हणाले.

"अजिबात नाही," गृहस्थ म्हणाले.

बायको दारातच उभी होती. "काय, बाबा? ऐकलात तो आवाज? चार महिने माझं डोकं खाल्लंय यांनी."

"ऐकला ना," सासरे शाळा तपासून आल्याच्या सुरात म्हणाले. "सापडलं कारण. काही विशेष नव्हतं. एक स्क्रू ढिला होता."

"कुठला?"

"वरचा."

"ते मी लग्न झाल्यापासून सांगतेय," बायको म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि दोघांनीही एकदमच दात आवळले.