सून मोटारीतच येणार!

"माझी सून मोटारीतच येणार!" असं जगदेवप्पांनी साऱ्या जनवाड्याला छातीवर हात मारून सांगितलं होतं. गावात मोटार एकच, ती त्यांची. हैदराबादेतल्या कुण्या जहागीरदारानं वापरून टाकलेली, पण भोंगा वाजला की म्हशी दावी तोडायच्या!

हुलसुरात लग्न थाटात लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी. नवी नवरी भागम्मा पुढं जगदेवप्पांच्या शेजारी बसली, मुलगा अंबाजी मागं. बायका रडल्या, हलगी कडाडली, मोटार सुरू झाली. कण्हत कण्हत दोन हात घसटली आणि मागून करपलेल्या भाकरीसारखा वास सुटला!

"इवाई, आमची बैलगाडी जुपतो," नवरीचे वडील गुरुशांतप्पा म्हणाले.

"बैलगाडीत? माझी सून?" जगदेवप्पा ताडकन खाली उतरले. "मागचा ब्रेक चिकटलाय. चाकामागचा डरम काढला की झालं. डरम म्हंजे काय, लोखंडी पातेलंच की! तुमचा चाहा उकळायच्या आत काढतो!"

"मग पोरीला तरी उतरवू?"

"न्हाई! बसू द्या तिला."

सहा जणांनी नवरीसकट मोटार उचलून दगडावर टेकवली. चाक निघालं. डरम मात्र ढिम्म! जगदेवप्पांनी हातोडी हाणली. दांडा हातात राहिला आणि हातोडीचं डोकं हलगीतून आरपार गेलं.

"माझी हलगी!" हलगीवाला ओरडला.

"नवी घेऊन देतो! तेल आणा!"

तांब्याभर करडईचं तेल ओतलं. त्यातलं निम्मं जगदेवप्पांच्या नव्या फेट्यावर गेलं. मग चुलीवरचं चहाचं आधण उचलून डरमावर ओतलं. वाफ निघाली, डरम निघाला नाही.

"आन् आमचा चाहा?" वऱ्हाडी कळवळले.

"चाहाचं काय घेऊन बसलाव? इथं इज्जतीचा सवाल हाय!"

"आता तरी ऐका," गुरुशांतप्पा म्हणाले. "बैल आणू का?"

"व्हय, आणा!"

गुरुशांतप्पा हरखले. घुंगरांची गाडी जुंपूनच घेऊन आले.

"गाडी कशाला? नुसते बैल सोडा हिकडं. डरम वढायचाय!"

साखळी बांधली, बैल हाकले. साखळी डरमावरून निसटली आणि मडगार्डात अडकली. मडगार्ड उपसून बैल जे उधळले ते थेट बाजारात! मागं खणखणाट, त्यामागं निम्मं वऱ्हाड!

उरलेल्या आठ जणांना जगदेवप्पांनी दोराला जुंपलं. "वढा! आज मी न्हाई तर ह्यो डरम न्हाई!"

तेवढ्यात मोटारीतून बारीक आवाज आला, "मामा..."

सकाळपासून नवरी पहिल्यांदाच बोलली होती.

"काय गं?"

"सोडू का?"

"सोड बाई! काय सोडायचं ते सोड! ए, वढा रे!"

खट्! डरम पिकल्या सीताफळासारखा सुटला. आठ जण एकमेकांवर उताणे आणि डरम जगदेवप्पांच्या पोटावर!

सगळे मोटारीकडं धावले. भागम्मा लालबुंद तळवे चोळत होती. तिच्या आणि जगदेवप्पांच्या जागांमधे हातब्रेकची दांडी होती. दांडीचे दात कधीच झिजलेले. वर ओढून धरली तरच ब्रेक लागायचा, सोडली की सुटायचा. जगदेवप्पा एरवी चाकाखाली धोंडाच लावायचे, त्यामुळं तिकडं कुणी बघितलंच नव्हतं!

"अगं, धरलीस कामून?" अंबाजीनं विचारलं.

"मामाच म्हणले की बसताना. हाताला लागंल ते घट्ट धर, मला इचारल्याबिगर सोडू नको म्हणून."

गुरुशांतप्पांच्या मिशा दाबलेल्या हसण्यानं थरथरायला लागल्या.

जगदेवप्पा डरम मांडीवर घेऊन उठून बसले. फेट्यातून तेल टिपकत होतं, पण मान ताठ! "बघितलाव? आठ माणसं आन् दोन बैलांनी सुटलं न्हाई, असली पकड हाय माझ्या सुनेची! परीक्षाच घ्यायलो होतो मी!"

डरम बसला, चाक बसलं, मोटार निघाली. मडगार्ड अंबाजीच्या मांडीवर, आणि अंबाजी पुढं. भागम्माला जगदेवप्पांनी मागं बसवलं आणि कानीकपाळी ओरडून बजावलं, काही म्हणजे काही धरायचं नाही!

वेशीतल्या पहिल्याच खड्ड्यात भागम्मा सीटखाली गेली. पण सून मोठी आज्ञाधारक. जनवाडा येईपर्यंत तिनं कशाला म्हणून हात लावला नाही!