नाहूरमधलं घनदाट जंगल

"उपग्रहाचा पानांचा डेटा ना? मॅडम, चहा थंड व्हायच्या आत देतो!" सिद्धेशने फोनवर शर्मिष्ठा मॅडमना, म्हणजे त्याच्या साहेबीणबाईंना, छातीठोकपणे सांगितलं.

काम तसं सरळ होतं. झाडांच्या पानांतूनही वाफा निघतात. उन्हात त्या गाड्यांच्या धुरात मिसळल्या की हवा आणखी बिघडते. म्हणून कुठे किती पानं आहेत ते उपग्रहाच्या आकड्यांतून घ्यायचं, आकडे साफ करायचे आणि हवेचं गणित मांडणाऱ्या प्रोग्रामला भरवायचे. सिद्धेशने साफ करणं तेवढं वगळलं. उपग्रह एवढ्या उंचावर, तिथे कसली आलीय घाण!

त्या आकड्यांचा नकाशा उघडला आणि गडी हरखलाच. मुलुंड, नाहूर, घाटकोपर, सगळं हिरवंगार! मॅडमना नकाशा पाठवता पाठवताच तो ओरडला, "आई, आपण जंगलात राहतो गं!"

कुंदाताईंनी लेकाचं कौतुक म्हणून नकाशा, त्या वाफांच्या माहितीसकट, लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. इथेच वाट लागली.

कारण आवारात कुंदाताईंनी स्वतः लावलेलं बदामाचं झाड होतं, आणि त्याची पानं सेक्रेटरी अनंतरावांच्या नव्या गाडीवर पडत. झाड तोडायला महापालिकेकडे अर्ज करायचा का, हे ठरवायला त्याच रविवारी मीटिंग होती. अनंतराव फोन उंच धरूनच आले.

"हे बघा, कुंदावहिनींच्याच मुलाचा नकाशा! नॅशनल पार्कापेक्षा आपलं नाहूर हिरवं! एक बदाम गेला तर काय बिघडलं? वर मेला वाफा सोडतो! चला, हात वर करा!"

हात वर होऊ लागले. कुंदाताईंचा चेहरा पडला. "सिद्धेश, तूच घालवलंस रे माझं झाड."

तेवढ्यात मॅडमचा फोन. "सिद्धेश, घाटकोपरला वाघ सोडायचे का आता? अरे, दाट वस्ती असते तिथे उपग्रह पानं मोजत नाही. 'इथे इमारती' म्हणून नुसता खुणेचा आकडा टाकतो, दोनशे पन्नास, खऱ्या पानांच्या कुठल्याही आकड्याहून मोठा. तो आधी काढायचा असतो! तू सिमेंटला पालवी फोडलीस!"

गप्प बसला असता तर चारचौघांत अब्रू वाचली असती. पण आईकडे बघवेना. सिद्धेश खुर्चीवर चढला.

"थांबा! नकाशा चुकलाय, माझ्यामुळे! जिथे गडद हिरवं दिसतंय ना, तिथे नुसत्या बिल्डिंगा आहेत. आपल्या इथलं एक पानसुद्धा मोजलेलं नाही!"

"आणि आपला बदाम?" दुसऱ्या मजल्यावरच्या वसुधाकाकूंनी विचारलं.

"तोही नाही, काकू."

"अगं बाई! वरून बघणाऱ्याला आपल्याकडे पानच नाही, आणि आहे ते झाड आपण तोडायचं? हात खाली घ्या रे सगळ्यांनी!"

हात भराभर खाली आले. कुंदाताईंनी पदराने डोळे टिपले. सिद्धेशला एकदम हलकं वाटलं.

"राहू दे झाड," अनंतराव धुसफुसले, "पण रोज सकाळी माझ्या गाडीवरची पानं कोण काढणार?"

मग कुंदाताईच अभिमानाने उठल्या. "आमचा सिद्धेश काढेल की! पानांतला तज्ज्ञ आहे तो!"

हा ठराव मात्र एकमताने पास झाला.