पिवळी, निळी आणि सोपानमामा

सोपानमामा कोळेकर पहिल्यांदा माझ्या रोपवाटिकेत आले, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. न्हावऱ्याच्या बाहेर, चौफुल्याच्या रस्त्याला मी नुकतीच जागा घेतली होती आणि गवत कापायच्या मशीनशी झटापट करत बसले होते. कुंपणाच्या पलीकडून एक उंच, काटक म्हातारा आला. डोक्यावर टोपी, पायात कंपनीचे सेफ्टी बूट आणि खांद्यावर झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, म्हणजे चेनसॉ. पिवळीधमक. माझ्या मशीनकडे बघत ते म्हणाले, "कंपनी कुठली?"

मी सांगितली.

दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून त्यांनी विचारलं, "पार्ट मिळतोय का?"

"माहीत नाही हो. कालच घेतली."

"मशीन घेताना मशीन बघायची नसती, ताई. डीलर बघायचा." एवढं बोलून ते खाली बसले आणि माझी मशीन चालू करून देऊनच उठले. नाव त्यांनी मला पुढच्या आठवड्यात विचारलं.

मामांची दीड-दोन एकर कांद्याची शेती. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता फक्त घोंगड्या उरल्यात. मुलगा रांजणगावला कंपनीत, शिफ्टला. शेतीतून वेळ मिळाला की मामा चेनसॉ घेऊन निघतात. कुणाच्या बांधावरची सुबाभूळ, कुणाचं वाऱ्यानं पडलेलं लिंबाचं झाड. पण झाड कापणं हे त्यांच्या मते दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे पिवळ्या कंपनीची चेनसॉ निळ्या कंपनीच्या चेनसॉपेक्षा चांगली आहे हे जगाला पटवणं.

जगाकडे बघायची त्यांची पद्धतच ती. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी सोबत गेले होते. डॉक्टर मोतीबिंदू म्हणजे काय ते समजावून सांगत होते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते भिंग बसवणार ते कुठल्या कंपनीचं? उद्या बिघडलं तर पार्ट शिरूरला मिळतोय का पुण्याला पळायचं?" डॉक्टर पेन खाली ठेवून मोठ्यानं हसले. मामा हसले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही तेच. मुलीचे वडील तिचं शिक्षण सांगत होते. मामांनी मध्येच विचारलं, "माहेर किती लांब पडतंय? म्हंजी काय तक्रार झाली तर सर्व्हिसला माणूस कवा येतो?" बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीची आई मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "माणूस लगेच येईल पावणं, पण माल परत घेणार न्हाई." मामांनी तिथंच लग्न पक्कं केलं. "मोकळं बोलणारा डीलर हाय," हे त्यांचं कारण.

आता निळ्या कंपनीबद्दल. ती सगळी बाजू एकटे रशीदभाई लढवायचे. रशीदभाई केडगावचे, लाकूडतोडीच्याच धंद्यातले, मामांच्याच वयाचे. अंगानं गोल, बोलणं हळू, आणि वाद घालायला भयंकर चिवट. दोघांची ओळख फार जुनी, कुठल्याशा पडलेल्या वडाच्या झाडावर झालेली. एक फांदी पिवळीनं आधी तोडली का निळीनं, यावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नव्हता.

मामांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला होता. 'चेनसॉ मालक, शिरूर-दौंड.' मामा त्याचे ॲडमिन. मामांना टाईप करायला येत नाही, म्हणून ते आवाज पाठवायचे. त्यातही बोलणं कमीच. पहाटे पिवळी चालू करायची आणि तिचा आवाज ग्रुपवर टाकायचा. शेवटी एक वाक्य, "पहिल्या दोरीला चालू. बोला आता."

लगेच रशीदभाईंचा आवाज, "सोपान, ती मशीन हाय का पिठाची गिरण? आमची उचलून बघ. पोरगी माहेराला निघाल्यागत हलकी."

"हलकीच असणार. आत काय हाय?"

"तुझ्यागत नुसतं वजन तरी न्हाई."

हे रोज चालायचं. माझी कॉफी पिऊन होईपर्यंत पलीकडे मामांच्या ओट्यावरून मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. ग्रुपात आणखी बरेच लोक होते. पण ते एकतर अंगठ्याचं चित्र पाठवायचे नाहीतर जुनी चेन विकायला आहे म्हणून फोटो टाकायचे. खरा ग्रुप या दोघांचाच.

मग दौंडमधला निळ्या कंपनीचा डीलर दुकान बंद करून निघून गेला.

मामांना ही बातमी कळली तेव्हा ते माझ्याकडे पेढे घेऊन आले. खोटं सांगत नाही, खरंच पेढे. "सांगत हुतो का न्हाई? मशीन बघू नका, डीलर बघा! रशीदला चाळीस येळा सांगितलं." ग्रुपवर त्यांनी त्या दिवशी पिवळीचा इतका लांब आवाज टाकला, की टाकीतलं पेट्रोल संपलं.

रशीदभाईंचं उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, की त्यांची निळी बंद पडलीय. दोरी कितीही ओढा, प्लगला करंटच येत नाही. कॉईल गेली. दौंडला पार्ट नाही, पुण्यातल्या दुकानात फोन केला तर म्हणाले ते मॉडेलच बंद झालं. मामा ऐकून म्हणाले, "मग घेईल आता पिवळी." पण म्हणताना आवाजात जोर नव्हता.

आठवड्याभरानं ग्रुपवर रशीदभाईंचा आवाज आला. अगदी साधा. "मशीन भंगारात देतोय. आता वय बी झालं. सोलापूरला लेकीकडं जाऊन राहावं म्हणतो. समद्यास्नी सलाम." आणि त्याखाली ती बारीक ओळ, रशीदभाई ग्रुपमधून बाहेर पडले म्हणून.

मामांनी ती ओळ मला आणून दाखवली. "हे काय लिवलंय बघा जरा." त्यांना वाचता येतं. तरी मी वाचून दाखवली. ते उभे राहिले, माझ्या जास्वंदीची पानं उगाच पुसत. मग म्हणाले, "ताई, तुमचा टेम्पो रांजणगावला कवा जाणार?"

मी कंपन्यांच्या बागांना रोपं पुरवते, त्यामुळे टेम्पो सारखा त्या बाजूला असतो आणि चालवतेही मीच. दुसऱ्या दिवशी मामा शेजारी येऊन बसले. धुतलेला सदरा, नवी टोपी. रांजणगावला मी लॉनच्या गवताच्या लाद्या उतरवल्या तोवर ते दोन दुकानं फिरून आले. पुढं शिक्रापूरला हॉटेलवाल्याच्या कुंड्या दिल्या, तिथंही ते ट्रकांच्या गर्दीतून रस्ता ओलांडून कुठंतरी जाऊन आले. हात रिकामे, तोंड पडलेलं.

"काय शोधताय मामा?"

"एक पार्ट."

"पिवळीचा?"

ते खिडकीबाहेर बघत बसले.

कोरेगाव भीमाला माझं काही काम नव्हतं. तरी मी टेम्पो तिकडं घेतला. रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं दुकान होतं, फवारणी पंप आणि चेनसॉ दुरुस्तीचं. आत जुन्या मशिनींचा ढीग. या वेळी मीही मागोमाग गेले. मामा गल्ल्यापाशी वाकले आणि पोरीच्या स्थळाची चौकशी करावी तसं हळू आवाजात म्हणाले, "निळीची कॉईल हाय का? जुनी चालंल. आमच्या एका पावण्याला पायजे."

दुकानदार तरुण होता, तोंडाळ होता. "निळी? कशाला नादाला लागता आजोबा? काय भरवसा तिचा! पिवळी घ्या, आयुष्यभर बघायला नको."

जे वाक्य मामांनी जन्मभर लोकांना ऐकवलं, तेच कुणीतरी त्यांना ऐकवत होतं. मला वाटलं, आता हे त्याला मिठी मारणार.

मामा ताठ झाले. "का? भरवसा का न्हाई? बाभळीच्या गाठीतनं लोण्यागत जाती ती. हलकी हाय, दिसभर चालवा, खांदा दुखत न्हाई. पेट्रोल कमी खाती. माणसानं नीट कानस मारून चेन धारंला ठेवली ना, तर तिच्यासारखी मशीन न्हाई. तुम्हाला चालवाय येत न्हाई आन् मशीनला नावं ठेवता व्हय?"

दुकानदार गुपचूप उठला आणि ढिगातली एक मेलेली निळी काढून तिची कॉईल तपासायला बसला. ठिणगी पडली.

टेम्पोत बसल्यावर मामा म्हणाले, "ताई, मी जे आत बोललो ते ग्रुपवर जाता कामा नये."

तिथून आम्ही थेट केडगावला गेलो. रशीदभाईंच्या घरासमोर टेम्पो थांबला, पण मामा उतरेनात. कॉईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच द्या. तुम्हाला सापडली म्हणा."

रशीदभाई अंगणात खाटेवर बसले होते. मी कॉईल पुढं केली. "भाई, ही एका ठिकाणी दिसली, म्हटलं तुमच्या कामाला येईल."

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही गुलाबाची रोपं इकता. तुम्हाला ही कॉईल हाय हे कसं कळलं?"

टेम्पोतून खोकल्याचा आवाज आला.

"सोपान," रशीदभाई जागचे न हलता म्हणाले, "उतर खाली. उन्हात बसू नको."

मामा उतरले. "जाता जाता थांबलो," एवढंच बोलले. रशीदभाईंच्या बायकोनं, हलीमाभाभींनी, आतून निळी आणून दिली. ती अजून भंगारात गेली नव्हती, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेली होती. दोघं जमिनीवर बसले. कॉईल आणि चाकाच्या मध्ये अगदी बारीक फट ठेवावी लागते, म्हणून मध्ये पुठ्ठा घालून बसवतात. भाभींनी जुनी लग्नपत्रिका दिली.

"जाड हाय ही," मामा म्हणाले.

"बरोबर हाय."

"आरं जाड हाय, करंट कमी येईल."

"माझी मशीन हाय का तुझी?"

"पार्ट कुणी आणला?"

"ताईंनी!"

भाभी पदराआड हसायला लागल्या आणि चहा ठेवायला गेल्या. पत्रिका जाड का बरोबर या वादात चहा होऊन निवला. शेवटी रशीदभाईंनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा निळी फडफडली, थांबली, आणि पुन्हा ओढल्यावर सुरू झाली. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. रशीदभाईंनी ती तशीच चालू धरून ठेवली. त्यांचे डोळे भरले होते.

"पत्र्याचा डबा," मामा ओरडले. "नुसता पत्र्याचा डबा वाजतोय!"

"तुझ्या गिरणीपेक्षा बरा!" रशीदभाईही ओरडले.

सोलापूरला जायचं भाभींनी मोडूनच टाकलं. निघताना रशीदभाई म्हणाले, "ग्रुपमधी घे मला परत." मामा म्हणाले, "बघू. विचार करावा लागंल." आणि तिथंच उभ्या उभ्या मोबाईल माझ्या हातात देऊन त्यांना आत घ्यायला लावलं.

परतताना ऊन उतरलं होतं. चौफुला मागं पडला, पारगावचा पूल आला. भीमेला पाणी बऱ्यापैकी होतं. मामा बाहेर बघतच बोलायला लागले.

"पोरगा गुणाचा हाय माझा. काय बी म्हणा, व्हय आबा म्हणतो आन् झोपाय जातो. बिचारा शिफ्ट करून आलेला असतो. सूनबी तशीच. भाजी खारट झाली का म्हणलं तरी व्हय म्हणती, न्हाई का म्हणलं तरी व्हय." त्यांनी टोपी सारखी केली. "आमची ही हुती तवा सकाळपासनं भांडायची. टोपी नीट घाला, तुम्हाला काय कळत न्हाई, असलं बियाणं कुणी घेतं व्हय. ती गेल्यावर घर लई शांत झालं. मला 'तू चुकतोय' म्हणणारा रशीद एकलाच राह्यलाय बघा."

मी समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरमागं टेम्पो हळू चालवत राहिले. पूल संपला. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "मामा, एक सांगू? आज मी निळी उचलून बघितली. पिवळी खरंच फार जड आहे हो. तुमचं चुकतंय."

मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. टोपी काढली, मांडीवर झटकली, पुन्हा घातली. पाय वर घेऊन सीटवर ऐसपैस मांडी घातली.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले, आणि न्हावरे येईपर्यंत बोलत राहिले.